डबा ऐसपैस, उणे अकरा

डबा ऐसपैस खेळताना डबा भर अंगणात असतो आणि माणसं लपतात. जिओकॅशिंगमध्ये माणसं भर रस्त्यात उभी असतात आणि डबा लपलेला असतो. साताऱ्याहून टोरांटोला आलेल्या मामांना मी हा खेळ एवढ्याच शब्दांत समजावला. त्यांनी विचारलं, "मग राज्य कुणावर?" चांगला प्रश्न होता. लपवणारा लपवून केव्हाच घरी गेलेला असतो. राज्य येईल त्याच्यावर.

गेल्या चौदा वर्षांत मी असे तीनेकशे डबे शोधले असतील. त्यांतले बहुतेक विसरले, आणि विसरल्याचं वाईटही वाटत नाही. दुकानांच्या वाहनतळावर दिव्याच्या खांबाच्या बुडाशी पत्र्याचा एक घागरा असतो. तो वर उचलायचा, खाली फिल्मची काळी डबी. असले डबे म्हणजे लग्नपत्रिकेतल्या कविता. यमक जुळलं, काम झालं. पण क्वचित एखादा असा भेटतो, की सापडल्यावर आपण तो पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागतो. नाव, आकडे, सूचना, जागा, उंची. इथल्या हाय पार्कमधला एक डबा माझ्या लेखी तसा आहे. त्याचं नाव सांगणार नाही, जागाही मोघमच ठेवणार आहे. वाचनालयातल्या रहस्यकथेच्या पहिल्या पानावर पेनाने खुन्याचं नाव लिहून ठेवणाऱ्यांची जी किंमत असते, तीच या मंडळींत जागा फोडणाऱ्यांची. युक्ती मात्र सांगते, कारण तिच्याशिवाय रसग्रहण कशाचं करणार?

खेळाचा इतिहास दोन परिच्छेदांचा आहे, तो एकात उरकते. जीपीएसच्या नागरी लहरींत अमेरिकेने मुद्दाम चूक मिसळलेली होती. जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दिसायची. ती चूक १ मे २०००च्या मध्यरात्री काढून टाकण्यात आली. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर या गृहस्थाने ओरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक काळी बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. बादलीत पुस्तक, व्हिडिओ कॅसेट, गलोलीची मूठ, थोडे पैसे आणि बीन्सचा एक सीलबंद डबा. त्याच महिन्यात खेळाला 'जिओकॅशिंग' हे नाव मिळालं. तसं पाहिलं तर कल्पना जुनीच. इंग्लंडच्या डार्टमूरमध्ये १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या आडजागी एक बाटली ठेवली होती, तिथवर पोचणाऱ्याने आपलं कार्ड तिच्यात टाकून यायचं. म्हणजे 'मी इथे आलो होतो' हे सांगायची खाज उपग्रहांच्या कितीतरी आधीची. आपल्याकडे ती किल्ल्यांच्या भिंतींवर खिळ्याने भागवतात. डब्यातली वही त्यापेक्षा बरी.

आता डब्याच्या पानाकडे. खेळाच्या संकेतस्थळावर प्रत्येक डब्याचं एक पान असतं आणि ते बंदिशीच्या कागदासारखं असतं: शब्द मोजके, बाकी सगळं गाणाऱ्यावर. आमच्या पानावर चार ओळींचं वर्णन होतं, त्यात तळ्याचा उल्लेख, झाडांचा उल्लेख, बाकी काही नाही. आकार 'सूक्ष्म'. काठिण्य अडीच, वाट एक. ही दोन्ही मापं एक ते पाच अशी अर्ध्याअर्ध्याने चढतात: पहिलं शोधायला किती अवघड ते सांगतं, दुसरं पोचायला किती अवघड ते. वाट एक म्हणजे सपाट, डोंगर चढायचा नाही, मामांचे गुडघे वाचले, असा अर्थ लावून मी पुढे गेले. चिन्हांच्या ओळीत हिमकण होता, म्हणजे हिवाळ्यातही मिळणारा डबा. बाकीची चिन्हं पाहिलीच नाहीत. वाचताना माझ्याकडून जी चूक झाली ती इथे झाली.

शेवटी सूचना. ती उघडी दिलेली नसते. रोमन अक्षरं तेरा घरं पुढे सरकवून लिहितात. ए च्या जागी एन, बी च्या जागी ओ. आणखी तेरा घरं सरकवलं की पुन्हा मूळ अक्षर, म्हणून कुलूप आणि किल्ली एकच. हे कुणापासून काही लपवायला नाही. चुकून नजर पडून मजा जाऊ नये एवढ्यासाठी ओढलेला पातळ पडदा आहे. या पानावर पडद्याआड तीनच अक्षरं होती: एफ, व्ही, जी. माझा नेम असा की अगदी अडल्याशिवाय सूचना सोडवायची नाही. मामांनी ती अक्षरं आपल्या खिशातल्या डायरीत उतरून घेतली आणि डायरी परत कोटात ठेवली.

मामांबद्दल सांगायला हवं. भूमी अभिलेखात, म्हणजे लोक ज्याला मोजणी ऑफिस म्हणतात तिथे, छत्तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले. हद्दीचा दगड बांधावरून कुणी सरकवला, कुणी गाडला, कुणी घराच्या पायरीला लावला, हे शोधण्यात आयुष्य गेलं. त्यामुळे अक्षांश-रेखांश पाहून ते बिचकले नाहीत. अंश, मिनिटं आणि मिनिटाचे हजारावे भाग असे आकडे होते. त्यांनी हिशोब मांडला: उत्तर-दक्षिण शेवटचा आकडा एकाने बदलला तर एक पूर्णांक पंच्याऐंशी मीटर, साधारण सहा फूट, पूर्व-पश्चिम टोरांटोच्या अक्षांशावर त्याहून कमी, साडेचार फुटांच्या आसपास. "आणि फोनची चूक किती?" मोकळ्या आकाशाखाली पाचेक मीटर, मी म्हटलं. पाच मीटर त्रिज्येचं वर्तुळ, अठ्ठ्याहत्तर चौरस मीटर. मामा हसले. "म्हणजे पाऊण गुंठा. एवढ्यात भावाभावांची डोकी फुटतात गं."

या पाऊण गुंठ्यातच सगळा खेळ आहे, असं माझं मत. वीस हजार किलोमीटर वरून फिरणारे उपग्रह आपल्याला अंगणापर्यंत आणून सोडतात. तिथून पुढे यंत्राचं काम संपतं. पुढे फक्त न पाहिलेल्या एका माणसाचं डोकं आणि आपलं डोकं.

संक्रांत होऊन दोन दिवस झालेले, शनिवार, उणे अकरा. आदल्या दिवशी वीतभर बर्फ पडून गेलेला. हाय पार्क १६१ हेक्टरांचा आहे, आणि गंमत म्हणजे दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवं असा या खेळाचा नियम आहे. (मैलाचा दहावा हिस्सा, योगायोग आहे, पण मला आवडतो.) जमिनीचा मोठा भाग मूळचा जॉन हॉवर्ड नावाच्या वास्तुकाराचा. तो शहराचा सर्वेक्षकही होता. त्याने १८७३ मध्ये करार करून ही जागा आजन्म तनख्याच्या बदल्यात शहराला दिली, नागरिकांना कायम मोफत खुली ठेवायची या अटीवर. त्याचं घर, कोलबोर्न लॉज, अजून आहे. समोर त्याची आणि त्याच्या बायकोची समाधी, आणि तिला लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या जुन्या कुंपणाचा तुकडा आणून लावलेला. मोजणीवाल्याची समाधी आहे म्हटल्यावर मामा तिथे टोपी काढून दोन मिनिटं उभे राहिले. उणे अकरात टोपी काढणं हा मोठाच मान झाला. मी त्यांना घाई केली. जानेवारीत इथे पाचलाच अंधारतं.

हिवाळ्यात पार्कात डबे शोधायला फार कमी लोक येतात, आणि मला तोच मोसम आवडतो. त्यामागे कारणंही आहेत. पानं गळलेली असल्याने आकाश मोकळं, फोनचा बाण कमी भरकटतो. ज्यांना या खेळात 'मगल' म्हणतात, म्हणजे खेळाची दीक्षा नसलेली जनता, ती घरात असते. उन्हाळ्यात झुडपात वाकलेलं माणूस पाहून लोकांना जे प्रश्न पडतात ते पडत नाहीत. पण खरा फरक बर्फाने पडतो. बर्फ म्हणजे कोरा कागद. त्यावर खारीची टाचणं, सशाची जोडपावलं, कुत्र्याची दुडकी चाल, सगळं उमटलेलं असतं. आणि आपल्या आधी कुणी येऊन गेलं असेल तर त्याची पावलंही, थेट डब्यापर्यंत. तसं झालं तर तो डबा वाया गेला, दुसऱ्याने सोडवलेलं शब्दकोडं हातात आल्यासारखा. काही सज्जन म्हणून परत जाताना मुद्दाम दोनचार झाडांना खोटे फेरे मारून जातात. आमच्या डब्यावर शेवटची नोंद नऊ दिवसांपूर्वीची होती आणि बर्फ कालचं. कागद कोरा.

थंडीची शिस्त वेगळी. फोन आतल्या खिशात, अंगाशी. बाहेर ठेवला तर चाळीस टक्के दिसणारी बॅटरी एकाएकी मरते. शाईचं पेन नाही, पेन्सिल. गोठलेल्या तळ्यावर पाऊल नाही, कितीही घट्ट दिसलं तरी. आणि डब्यात ठेवायला खाऊ नाही. मामांनी तिळगुळाच्या वड्या आणल्या होत्या आणि एक डब्यात ठेवायचा बेत होता. मोठ्या डब्यांत वस्तूंची देवाणघेवाण चालते, पण खाण्याची वस्तू वर्ज्य: वासाने जनावरं येतात, डबा फोडतात. "आणि त्या पहिल्या बादलीत बीन्स होते ते?" मामांनी विचारलं. परंपरेची सुरुवात नेमकी त्या गोष्टीने व्हावी जी पुढे निषिद्ध ठरते, हे आपल्याकडेही पाहिलेलं आहे, म्हणून मी वाद घातला नाही.

बाण शून्यावर आला तिथे डांबरी वाटेच्या एका बाजूला बाक होता आणि दुसऱ्या बाजूला काळ्या ओकची झाडं. हे ओक इथलं वैभव आहे. वाळूच्या जमिनीवर वाढलेलं त्यांचं विरळ रान या भागात आता दुर्मीळ. काही झाडं सुकलेली तपकिरी पानं हिवाळाभर सोडत नाहीत, वाऱ्यात ती कागदासारखी वाजतात. मी सराईतपणे बाकाकडे वळले. बाकाच्या पोटाला चुंबकाने चिकटवलेली डबी ही या खेळातली सगळ्यात झिजलेली युक्ती. गुडघे टेकून, हातमोजा काढून बोटं फिरवली. बोल्ट, बर्फ, कुणाचं तरी च्युइंगगम. मग झाडांचे बुंधे, मुळांच्या बेचक्या, वाटेवरच्या पाटीची मागची बाजू. वीस मिनिटं गेली.

कुत्रं घेऊन चाललेल्या एक बाई थांबल्या. काही हरवलंय का, त्यांनी विचारलं. मी नेहमीचं काहीतरी पुटपुटणार तेवढ्यात मामा शांतपणे इंग्रजीत म्हणाले, "हद्दीचा दगड शोधतोय." बाईंनी समजल्यासारखी मान हलवली आणि निघून गेल्या. हाय पार्कला शोधाशोधीचं नवल नसावं. २०१६ मध्ये इथल्या प्राणिसंग्रहालयातून कॅपिबारांची जोडी पळाली होती, दुसरा हाती लागेपर्यंत महिना उलटून गेला.

शेवटी मी म्हटलं, मामा, सोडवा ती सूचना. त्यांनी डायरी काढली, तेरा-तेरा अक्षरांच्या दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या. एफखाली एस. व्हीच्या वर आय. जीखाली टी. "सिट," मामा म्हणाले. मग मराठीत, स्वतःशीच: "बस."

"बस? एवढंच?"

"एवढंच. बाकाबद्दल असेल."

बाक तर मी आधीच पिंजून काढला होता. मी पुन्हा त्याच्याखाली शिरले. पाठीच्या फळ्या, पायांच्या पोकळ्या. मामांना माझ्या शोधात आता रस उरला नव्हता, गुडघे बोलायला लागले होते. त्यांनी बाकावरचं बर्फ हाताने लोटलं, खिशातून घडी घातलेली प्लास्टिकची पिशवी काढली (ती खिशात नसलेले मामा मी पाहिलेले नाहीत), पसरली, आणि बसले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

"अगं," ते म्हणाले, "ते काय लोंबतंय?"

वाटेपलीकडे ओकची एक जाड फांदी खाली वाकून वाटेवर आलेली होती, साडेचार फुटांवर. तिच्या पोटाला, जुनी डहाळी गळून पडलेल्या ठिकाणी, एक खोबण. खोबणीत तारेच्या आकड्याला अडकवलेली अंगठ्याएवढी नळी, सालीसारखी करडी रंगवलेली. उभ्या माणसाच्या डोळ्यांना फांदीची पाठ दिसते, तीवर बर्फ आणि तपकिरी पानं. पोट दिसायचं तर डोळे फांदीच्या खाली यायला हवेत. बाकावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून पावणेचार फुटांवर असतात. बस. मी त्या फांदीखालून वाकून तीनदा गेले होते, आणि प्रत्येक वेळी खाली पाहत.

डबा हातात घेण्याआधी मी मामांशेजारी बसले आणि मग ही रचना उलगडत गेली. वाईट लपवणारा डबा आपल्यापासून लपवतो, अंधारात, काट्यात, कचऱ्यात. या माणसाने काही लपवलंच नव्हतं. नळी वाटेपासून दोन हातांवर, उजेडात, उघडी. त्याने फक्त आपल्या सवयीवर भरवसा ठेवला: शोधणारं माणूस बसत नाही. ते वाकतं, रांगतं, चढतं, पण शोध चालू असताना बसणं त्याला हार मानल्यासारखं वाटतं. आणि हिवाळ्यात तर बाकावर वीतभर बर्फ, बसणार कोण? उन्हाळ्यात हीच युक्ती सोपी असणार, कुणीही दमून टेकेल. हिमकणाचं ते चिन्ह मी 'हिवाळ्यातही मिळेल' असं वाचलं होतं. तो डबा हिवाळ्यात जास्त चांगला आहे.

मग मी फोनवर ते पान परत उघडलं, आणि वाट एक या आकड्यावर थांबले. या खेळात वाट एक म्हणजे नुसती सोपी नव्हे. एक म्हणजे व्हीलचेअरवरून पोचता आणि हाताला लागता आलं पाहिजे. हिमकणाच्या शेजारीच व्हीलचेअरचं चिन्ह होतं. जो बसूनच येतो त्याला हा डबा वळणावरूनच दिसला असता. मग तो अडीच आकडा कुणासाठी? आपल्यासाठी, पायांवर उभं राहता येणाऱ्यांसाठी. कुणालाही न टोचता, एका शब्दाचीही टीप न देता त्या माणसाने दोन आकड्यांत हे मांडलं होतं. गाण्यात अशी जागा आली की आपण मान हलवतो. इथे मानेभोवती मफलर होता.

तरी एक खोट सांगायलाच हवी. या वाटेच्या तोंडाशी पाटी आहे, हिवाळ्यात इथलं बर्फ काढलं जात नाही. आम्ही बूट रोवत आलो. चाकं दहा फूटही आली नसती. व्हीलचेअर आणि हिमकण, दोन्ही चिन्हं खरी आहेत, पण एकाच दिवशी नाहीत. लपवणाऱ्याने ज्याच्यासाठी हा डबा सर्वांत सोपा केला, त्याला तो नेमका उत्तम मोसमात मिळत नाही. त्याने हे ताडलं नसेल असं वाटत नाही. एक चिन्ह काढायला हवं होतं, पण कुठलं काढलं असतं हे मलाही ठरवता येत नाही.

नळी उघडणं हा वेगळाच सोहळा. ॲल्युमिनियम एवढं गार की उघडं बोट चिकटतंय असं वाटतं. आट्यांचं झाकण, आत रबराचं बारीक कडं, ते थंडीने ताठलेलं. मामांनी नळी दोन्ही तळव्यांत धरून, जपाला बसल्यासारखे डोळे मिटून ऊब दिली. मग झाकण फिरलं. आत कागदाची सुरळी, बोटभर रुंद, पेन्सिलच्या सह्यांनी भरत आलेली. सूक्ष्म डब्यात टोपणनाव आणि तारीख एवढंच लिहायचं असतं. जागा नसते म्हणून, आणि मला वाटतं त्यामुळे लोकांचं भलंच होतं. पानावर मोठ्या नोंदी लिहिता येतात तिथे बहुतेक जण 'डब्याबद्दल आभार'ची चार इंग्रजी आद्याक्षरं टाकून मोकळे होतात. पंगतीतून उठताना तोंडदेखलं 'छान होतं' म्हणावं तसं. यजमानाला कोशिंबीर आवडली की नाही हे कळायला नको?

मी आमचं टोपणनाव लिहिलं. मामांना ते पसंत नव्हतं. त्यांनी पेन्सिल घेतली आणि सही केली, पूर्ण सही, मोजणीच्या नकाशाखाली करत आले तशी, आडनावाच्या शेवटी वळसा घेऊन खाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. चार जणांची जागा गेली. खाली तारीख. सुरळी परत गुंडाळायला बधिर बोटांना पाच मिनिटं लागली, पण नळी होती तशीच, आकडा होता तसाच, खोबण होती तिथेच लागली. मामांनी दोनदा पाहून खात्री केली. सरकलेल्या दगडांचा त्यांना फार राग.

निघालो, आणि दहा पावलांवर मामा थांबले. मागे वळून बाकाकडे पाहत म्हणाले, "हे चालायचं नाही."

वाटेवरच्या बाकांवर बर्फाच्या गाद्या होत्या, एकसारख्या, अस्पर्श. फक्त आमच्या बाकावर दोन माणसं बसल्याचे दोन स्वच्छ ठसे. पुढच्याला सूचना सोडवायचीही गरज नव्हती. मी उरलेलं बर्फ झाडून टाकायला पुढे झाले. "त्याने काय होईल? चार पांढरे आणि एक मोकळा. आणखीच बोंब." त्यांनी पिशवी पुन्हा काढली, झटकली, आणि पुढच्या बाकाकडे चालू लागले. तिथे बसले, मला शेजारी बसायला लावलं, मनात तीसपर्यंत मोजलं, उठले. मग त्याच्या पुढचा. वळणापर्यंत चार बाक होते. तिसऱ्यावर आम्ही तिळगुळ खाल्ला. चौथ्यावर येईतो तळ्यापलीकडचं आभाळ जांभळं झालं होतं, पिशवी एकच होती आणि ती मामांकडे होती.